मालवणच्या काकींचं देणं

सदलग्यात माझ्या लहानपणी बाहेर जेवणं ही चैन नव्हती, नामुष्की होती. ज्याच्या घरात करून घालणारं कुणी नाही त्यानं खानावळ धरावी, एवढाच खानावळीचा उपयोग आम्हाला ठाऊक. नरसोबाच्या वाडीला जायचं असो की जोतिबाला, आई पहाटे उठून भाकऱ्या थापायची. शेंगांची चटणी, दह्याचा डबा, दोन कांदे. देवदर्शन झालं की घाटावर फडकं सोडून बसायचं. समोरच्या हॉटेलातून भज्यांचा वास आला तरी वडील तिकडं मान वळवायचे नाहीत.

दूधगंगेच्या काठचं आमचं गाव चिकोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. घरात मराठी, बाजारात मराठी-कानडी दोन्ही. जैन आणि लिंगायत घरं भरपूर, त्यामुळं गावाचं जेवण म्हणजे घरच्या चुलीवरचं, शिस्तीतलं. आचार्य विद्यासागर महाराज १९४६ साली इथंच जन्मले. त्यांच्या नावानं देशभरातले जैन अजून सदलग्याची वाट विचारत येतात. आमचं घर मराठ्याचं. कोंबडं-मटण चालायचं. मासा मात्र मृगात नदीला नवं पाणी आलं आणि कुणी आणून दिला, तरच.

अशा घरातल्या मला पुढं पोटाला धंदा मिळाला तो लोकांना फिरवायचा. आधी चिकोडी आणि इचलकरंजीकडं वडापची गाडी चालवली, मग गाडीमालकानं ट्रिपा द्यायला सुरुवात केली. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना हा आमचा सीझन. निपाणीहून देवगडचा रस्ता धरायचा, मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूरचं जंगल, मग फोंडा घाट उतरायचा आणि कणकवली-कसालवरून मालवण गाठायचं. उसाच्या आणि तंबाखूच्या मुलखातली माणसं समुद्र बघून खुळी व्हायची. मीही झालो होतो.

पण जेवणाचं म्हणाल तर मला काही कळत नव्हतं. रस्त्यावरची मोठी हॉटेलं ठरलेली. तिथं गाडी लावली की ड्रायव्हरचं जेवण फुकट, वर चहापाण्याला काही हातावर. माझ्याआधीचे ड्रायव्हर हेच करत आले, मीही तेच शिकलो. मेन्यूकार्ड जाडजूड, पनीरचे दहा प्रकार, पांढरे टेबलक्लॉथ. चांगलं हॉटेल म्हणजे हेच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. समुद्राच्या काठावर येऊन माझे प्रवासी पनीर मसाला खाऊन जायचे आणि मला त्यात काही वावगं दिसायचं नाही.

काकींची गाठ पडली ती पंक्चरमुळं. प्रवासी तारकर्लीला पाण्यात खेळत होते, मी चाक काढून मालवणात आलो होतो. काम होईतो दुपारचे तीन वाजले. पोटात आग. जेटीकडं जाणाऱ्या एका गल्लीत कौलारू घराच्या पडवीला पाटी दिसली, ‘घरगुती जेवण मिळेल’. आत दोन बाकं, एक लांबट टेबल, भिंतीवर देवांचे फोटो. एक बाई भांडी घासून पालथी घालत होत्या.

मी रुबाबात विचारलं, “मेन्यू काय आहे?”

“मेन्यू खयचो?” त्या म्हणाल्या. “सोमवार आज. मासो नाय. पिठी-भात आसा. चलात?”

चलात म्हटलं. दुसरा इलाज नव्हता. ताटात गरम भात आला आणि त्यावर तपकिरी रंगाचं पातळ काहीतरी. पहिला घास घेतला आणि थबकलो. कुळथाच्या पिठाला लसणाची फोडणी, वर आमसुलाचा आंबटपणा. आमच्याकडं कुळथाला हुलगा म्हणतात. बैलाला शिजवून घालतात आणि सर्दी-पडशाला घरात त्याचं माडगं करतात. आई आजारपणात प्यायला द्यायची ते माडगं इथं घाटाखाली आंबट होऊन भातावर आलं होतं. सोबत भाजलेला पापड आणि आंब्याचं लोणचं. मी तीनदा भात घेतला. काकी काही न बोलता वाढत राहिल्या.

हात धुताना त्यांनी विचारलं, “किती माणसा आसत तुझी?”

“सात.”

“काय खातत?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन दिवस ज्यांना घेऊन फिरत होतो ती माणसं काय खातात, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाचा कुठला वार आहे, यातलं मला काही माहीत नव्हतं. त्यांच्या बॅगांची संख्या मला पाठ होती.

“इचार तेंका आणि माका सांग,” काकी म्हणाल्या. “सकाळी सांगलंस तर बाजार करूक बरा पडता.”

मी विचारलं. त्यातली एक म्हातारी डायबेटिसवाली निघाली, एकाला सोमवारबरोबर गुरुवारही होता, आणि दोघा पोरांना मासा खायचा होता पण काट्याची भीती. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघून सगळे भर दुपारी होडीतून उतरले ते थेट काकींच्या पडवीत. पोरांसाठी सुरमईच्या काट्याविनाच्या तुकड्या, म्हातारीला घावणे, बाकीच्यांना तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. पोरांच्या आईनं जेवून झाल्यावर मला नावानं हाक मारली. तोवर मी नुसता ‘ड्रायव्हर’ होतो.

तेव्हापासून मालवणची ट्रिप असली की जेवण काकींकडं. फुकटचं जेवण गेलं, हातावरचे पैसेही गेले. काकी माझे पैसे घ्यायच्या, इतरांपेक्षा थोडे कमी, पण घ्यायच्या. “फुकट जेवलंस तर बरा-वायट सांगूचं नाय,” असं त्यांचं म्हणणं. यात किती शहाणपण आहे ते माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला. जिथं फुकट जेवायचो त्या हॉटेलांबद्दल मी प्रवाशांना कधी वाईट बोललो नव्हतो.

संध्याकाळी गाडी धुऊन झाली की कधी कधी त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर जायचो. होड्या लागलेल्या असायच्या, वाळूवर मासळीचे ढीग आणि भोवती कोंडाळं करून लिलाव. मला वाटायचं, भाव ठरतो तो ओरडण्यावर. काकी कधी ओरडायच्या नाहीत. ढिगाजवळ वाकायच्या, एका बांगड्याचा कल्ला बोटानं उचलायच्या. आत लालभडक असला तर पुढं, तांबूस-करडा झाला असला तर उठायच्या. मग अंगठ्यानं पोटावर दाबायचं. खड्डा तसाच राहिला तर मासा शिळा. डोळा फुगीर आणि काचेसारखा स्वच्छ हवा. हे त्यांनी मला कधी शिकवलं नाही. मी बघत राहिलो, आणि एक दिवस त्यांनी टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “तू बघ.” मी निवडलेले बांगडे त्यांनी एकेक तपासले. चार बाजूला काढले आणि बाकीचे घेतले.

मेन्यूकार्ड का नाही, तेही मला किनाऱ्यावरच कळलं. जून-जुलैत मासेमारी बंद. त्यातून वारा फिरला तर होडी जात नाही. रापण ओढली तर कधी नुसत्या तारल्या, कधी काहीच नाही. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवरून इथल्या पारंपरिक मच्छीमारांची भांडणं चालू असायची. त्या दिवसांत काकींच्या ताटात सुरमईच्या जागी गोलमा नाहीतर सुक्या बांगड्याची कोशिंबीर यायची आणि ताटाचा भावही उतरायचा. जे आलं ते रांधायचं आणि जे रांधलं तेवढ्याचेच पैसे. सगळं आहे असं सांगणाऱ्या हॉटेलात सगळं कुठून येतं, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

एकदा निपाणीचा एक मुलगा आई-वडिलांना घेऊन आला होता. अमेरिकेत नोकरीला. काकींकडं सोलकढीची तिसरी वाटी घेताना तो मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाच्या गोष्टी सांगायला लागला. युकातानच्या किनाऱ्यासमोर, कॅरिबियन समुद्रातलं बेट. धक्क्यावर मोठ्या बोटी लागतात, त्यांतून हजारो पर्यटक उतरतात आणि धक्क्यासमोरच्याच झगमगीत हॉटेलांत जेवून परत बोटीवर जातात. चार गल्ल्या आत गेलं की बायका चालवतात अशा छोट्या खानावळी. दुपारचं ठरलेलं जेवण, आधी सूप, मग भात, मग त्या दिवशी जे केलं असेल ते, सोबत मक्याच्या पातळ भाकऱ्या. तो म्हणाला, “मिरची आपल्याकडं आली ती तिकडूनच. मका, टोमॅटो, सगळं तिकडचं.” काकींना हे अजिबात पटलं नाही. मसाल्याची मिरची त्यांच्या आजीच्या काळापासून घरात आहे, मग ती परदेशची कशी? तो पोरगा हसला. मला मात्र ती गोष्ट राहून राहून आठवते ती दुसऱ्या कारणानं. त्यालाही त्या गल्लीत नेणारा तिथला एक टॅक्सीवालाच होता.

आता आक्कांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

सदलग्याचंच एक जैन कुटुंब मे महिन्यात किल्ला बघायला म्हणून निघालं. घरातल्या मोठ्या आक्का सत्तरीच्या पुढच्या. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, कुठलंच कंदमूळ नाही. पाणी गाळून. दिवस मावळायच्या आत जेवण. आणि जिथं मासा शिजतो त्या घरातलं पाणीही नाही. बाकीच्या मंडळींचं कुठंही भागलं असतं. आक्का मात्र बरोबर आणलेल्या लाह्या आणि गुळावर दोन दिवस काढायला तयार. मी विचारात पडलो. ट्रिप मी ठरवलेली, आणि म्हातारं माणूस उपाशी.

काकींना फोन केला तेव्हा माझी अपेक्षा एवढीच, की त्या कुठलं शाकाहारी हॉटेल सुचवतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तेंका मागल्या दारी घेऊन ये. पाच वाजता.”

आम्ही गेलो तर घरामागं माडांच्या सावलीत तीन दगडांची नवी चूल मांडलेली. शेजारच्या भटजींच्या घरून घासून आणलेली पितळेची दोन पातेली. बाजूला केळीच्या पानावर तांदूळ, मूग, कच्ची केळी, नीरफणस, ओल्या नारळाची वाटी, आमसुलं. कोऱ्या कापडाचा तुकडा, पाणी गाळायला. विहीर तिथंच. काकी स्वतः त्या चुलीच्या आसपासही फिरकल्या नाहीत. लांब जोत्यावर बसल्या आणि आक्कांना म्हणाल्या, “तुमचा तुम्ही करा. लागला तर सांगा, झील आणून देतलो.” झील म्हणजे मुलगा. तो मी.

आक्कांनी पदर खोचला. मूग-भात झाला, नीरफणसाची भाजी झाली. नीरफणस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरला होता. काकी लांबून सांगत होत्या, साल किती काढायची, चीक कसा पुसायचा. एकीची मालवणी, दुसरीची कानडी वळणाची मराठी. मधे मी उभा, पण त्यांना माझी गरज पडली नाही. ऊन माडांच्या शेंड्यावर होतं तोवर सगळ्यांची जेवणं उरकली. आक्कांनी केलेली भाजी काकींनी वाटीत मागून घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली.

पैसे विचारले तर काकींनी तांदूळ, मूग आणि लाकडांचे तेवढे सांगितले. आक्का गाडीत बसताना मला म्हणाल्या, “बाळ, एवढं सोवळं आमच्याच घरात कुणी पाळत नाही बघ.” पुढच्या दिवाळीला त्यांनी माझ्याकडं शेंगांची चटणी आणि गुळाची ढेप दिली, मालवणला पोचवायला. काकींनी परतीला कोकमाच्या आगळाची बाटली दिली. आक्का गेल्या तरी त्यांच्या सुनेकडून चटणी येते, आणि मी ती नेतो.

माझ्यावरचं मोठं देणं त्यानंतरचं. एका उन्हाळ्यात मालवणात गाडीचं इंजिन बसलं. प्रवाशांना दुसरी गाडी करून घरी पाठवलं, त्यात खिसा रिकामा झाला. पार्ट कोल्हापुरातून यायचा होता. गाडीमालक फोन उचलेना. मी गाडीतच झोपायचा बेत केला होता. काकींना गॅरेजवाल्याकडून कळलं. त्यांनी पडवीतलं एक बाक रिकामं केलं आणि चटई दिली. मी तिथं राहिलो, जेवलो, गिऱ्हाईकांना पाणी दिलं, नारळ खवले, ताटं उचलली. वहीत माझ्या नावाचं पान उघडा, मी फेडतो, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, “पैशे खय पळान जातत?” वही काही उघडली नाही.

त्या दिवसांत मी स्वैपाकघराच्या दाराशी बसून बरंच बघितलं. सोलकढीला पहिलंच दूध, दुसरं कालवणाला. मीठ शेवटी, कारण आगळात मीठ असतं. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी आणि मग प्रश्न. ताट वाढून झाल्यावर लगेच आत जायचं नाही. पहिला घास घेताना माणसाच्या तोंडाकडं बघायचं. तिखट लागलं असेल तर तो बोलत नाही, पण कळतं. बोलायच्या आत नारळाच्या रसाची वाटी त्याच्या ताटाशी यायची. काकी लिहायला-वाचायला फार शिकल्या नव्हत्या, पण कोण कधी आला होता आणि काय टाकून उठला होता, हे त्यांच्या ध्यानात असायचं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. सीमा बंद, म्हणजे आमच्या गावाच्या तर चारही बाजू बंद. कर्नाटक-महाराष्ट्राच्या नाक्यावर पोलीस. तोवर मी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली होती. ती दारात उभी आणि हप्ते चालू. काकींची पडवीही ओस पडली होती. तरी फोन त्यांचाच यायचा. आधी “जेवलंस?” मग बाकीचं. एकदा मी रडकुंडीला आलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझी बायको जेवान बरा करता मां?” मी हो म्हटलं. “मगे घाल लोकांका.”

सदलग्यात खानावळ? आमच्या घरातून? वडील असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस कारखान्याकडं जायला लागल्या आणि त्या ड्रायव्हरांना गरम भाकरी कुठं मिळत नव्हती. बायको आधी लाजली, मग तयार झाली. ज्वारीची भाकरी, वांग्याची एन्नेगाई, मुगाची उसळ, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी असेल त्या दिवशी पुंडीची. पाटी लावली, खाली पदार्थांची यादी लिहिली नाही. तसं काकींनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी पाच जण आले. बायकोला मी सांगितलं, आत जाऊ नको, पहिला घास बघ.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं मालवणच्या किनाऱ्याला झोडपलं. काकींच्या पडवीवरची कौलं उडाली, मागल्या दारचे दोन माड आडवे झाले. मला जाता आलं नाही. भाजीच्या टेम्पोतून थोडे पैसे पाठवले, इंजिन बसलं होतं त्या वेळचे म्हणून. ते तसेच परत आले, त्याच टेम्पोतून, सोबत आमसुलांची पिशवी. मी फोनवर भांडलो. त्या म्हणाल्या, ज्याच्या पैशाची त्यांनी वही उघडली नाही त्याचे पैसे त्या कुठल्या हिशेबात धरणार? यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

आता काकी बाकावर बसून असतात, गुडघे साथ देत नाहीत. खानावळ सून बघते. भिंतीवर देवांच्या फोटोशेजारी क्यूआर कोड लागलाय. सून हुशार आहे, पण लिलावाला गेली की ती ओरडते आणि काकींना ते आवडत नाही. मी मधे पडत नाही. दोघी मला आपापल्या बाजूनं साक्षीला ओढतात आणि मी जेवून घेतो.

दिवाळीच्या ट्रिपा ठरल्यात. पहिलीत अकरा माणसं. चौघं जैन, त्यांतले दोघं दिवसाउजेडी जेवणारे. एका मुलीला कोळंबीची ॲलर्जी, तिच्या आजोबांना शनिवार. सुनेला कालच फोन केला. तिनं सगळं लिहून घेतलं, आणि मागून काकींचा आवाज आला, तिखट किती खातत ता इचार. ते विचारायचं माझं राहिलंय. संध्याकाळी त्या मंडळींच्या घरी जाऊन येतो.